नजरकाटाधारकांना अनावृत पत्र

प्रति,
समस्त नजरकाटाधारक काका-काकू,
वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा.



सर्वप्रथम आपल्या कसबाचं अभिनंदन. बाजार समितीत सोयाबीन मोजायला इलेक्ट्रॉनिक काटा लागतो, ओलावा बघायला यंत्र लागतं, वर अडत्याशी हुज्जत घालावी लागते ती वेगळीच. आपलं काम मात्र मंडपाच्या दारातच उरकतं. पोरगी अक्षता टाकून वळते न वळते तोच वजन, वय आणि लग्न जमण्याची शक्यता, तिन्ही आकडे तयार: "काहून वो, लय सुटली पोट्टी!"

तक्रार नाही, सोयाबीनचा जरा हेवा वाटतो इतकंच. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्के ओलाव्याची अट होती. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. पोरींना आपण आजवर अर्ध्या टक्क्याची सूट दिल्याचं ऐकिवात नाही. बरं, तीच पोरगी उतरली तरी सुटका नाही. मग "सुकली बिचारी, सासरी जाच दिसते."

पंगतीत तर आपली कला बहरते. "घे वो, एका लाडवानं काय होते?" म्हणत काकू पानात दोन लाडू ठेवतात, हात आडवा धरला तर तिसरा मनगटावरून सोडतात, आणि पुढच्या पानाकडे सरकता सरकता शेजारणीला सांगतात, "खाण्यावर ताबाच नाही पोरीचा." वाढप आणि निकाल एकाच फेरीत!

आता काट्याच्या अचूकतेविषयी. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. खरा काटाच जिथं फसला तिथं आपल्या चष्म्याची काय कथा? भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही मधुमेह बाळगून असू शकतो. तेव्हा 'शिडशिडीत' म्हणून आपण पसंत केलेले जावईबापू एकदा तपासून घ्या.

थट्टा पुरे. सकाळी मैदानावर फिरायला येणारी अंगानं भरलेली पोरगी एक दिवस यायची बंद होते, ती आळसानं नव्हे. कट्ट्यावरून "चला, रोलर आला, ग्राउंड सपाट होते" असं ऐकू येतं म्हणून. वजन तेवढंच असेल तिचं, पण दम लागणं कमी झालं होतं, रात्री झोप लागत होती. ते सगळं आपल्या 'काळजी'नं बंद पाडलं. औषधाच्या चिठ्ठीवर 'टोमणा, दिवसातून दोनदा' असं लिहिणारा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून विनंती एवढीच, की मोजायला हात फारच शिवशिवत असतील तर शिंप्याची टेप घ्या आणि आधी स्वतःच्या पोटावर लावा. कमरेचा घेर पुरुषांचा 90 आणि बायकांचा 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला, की जोखीम वाढते. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. तिथली सिस्टर आकडा वहीत लिहिते, मंडपात सांगत नाही.

कळावे.

आपली,
एक भाची