घटस्थापनेचा टक्का

(स्थळ : कोल्हापूरची चप्पल लाईन. दुपारची गिऱ्हाईक नसलेली वेळ. मालक एका कापशी जोडाला तेल चोळतायत. दिवाणजींनी बिलांची चळत पुढ्यात ओढली आहे आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आहे.)

दिवाणजी : मालक, ही कापशी कितीला दिली?

मालक : नऊशेला. वर टॅक्स. बिलात हाय की.

दिवाणजी : टॅक्स 108 लावलाय.

मालक : मग? बारा टक्क्यानं तेवढाच होतोय. मला काय हिशेब येत न्हाई?

दिवाणजी : हिशेब बरोबर आहे. तारीख वाचा.

मालक : 24 सप्टेंबर 2025. नवरात्रातलं गिऱ्हाईक.

दिवाणजी : 22 तारखेला घटस्थापना होती. त्याच दिवसापासून चपलेला 5 टक्के झाले. म्हणजे 45. तुम्ही 63 रुपये जास्त घेतलेत.

मालक : आवो, नवरात्रात ह्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसती. मुंबईची, कर्नाटकातली, सगळी अंबाबाईला आलेली. त्यात कंप्युटरचा टक्का कोण बदलत बसतंय?

दिवाणजी : जीएसटी परिषदेत 3 सप्टेंबरलाच ठरलं होतं. मधे एकोणीस दिवस होते.

मालक : पोरगं म्हणत होतं, कायतरी बदललंय. मी म्हणलं, पायताणाचा टॅक्स सरकारनं कवा कमी केलाय? पाच होता, तो 1 जानेवारी 2022 ला बारा केला. मला वाटलं, आता अठरा करत्यात.

दिवाणजी : हजाराच्या वरच्या जोडाला अठराच होता. आता अडीच हजारांपर्यंत सगळ्यांना पाच. ही पंधराशेची बघा. 270 घेतले, 75 घ्यायचे होते. एका जोडामागं 195. आणि हे दिवाळी संपेपर्यंत चाललंय.

मालक : आन् ही 2600 ची?

दिवाणजी : तिला अठरा बरोबर आहे. 468 रुपये कर, एकूण 3068.

मालक : हीच 2500 ला दिली असती तर?

दिवाणजी : 2625.

मालक : म्हंजे मी शंभर सोडलं असतं तर गिऱ्हाईकाचं 443 वाचलं असतं?

दिवाणजी : हो.

मालक : (बराच वेळ तेल चोळतात) ह्ये तुम्ही नवरात्राच्या आधी सांगायचं, दिवाणजी. बरं, जादा घेतलेलं सगळं सरकारात भरलंय न्हवं?

दिवाणजी : पै न् पै. जसं बिल तसं रिटर्न.

मालक : (खुशीत येऊन) मग मागवून घ्या की आपलं पैसं!

दिवाणजी : आपलं म्हणजे कुणाचं?

मालक : दुकानाचं.

दिवाणजी : ते 63 रुपये तुमच्या खिशातून गेले?

मालक : माझ्या हातातनं तरी गेलं.

दिवाणजी : हातातून जाणं वेगळं. पैसे गिऱ्हाईकाचे होते. जीएसटी कायद्याचं कलम 34 सांगतं, कराचा बोजा दुसऱ्यावर टाकला असेल तर तुमचा कर कमी होणार नाही. आधी त्याला 63 परत द्यायचे, क्रेडिट नोट करायची, मग तुमच्या करातून तेवढे वजा.

मालक : त्यापरीस पुढच्या महिन्यात गुपचूप कमी भरूया. कुणाला कळतंय?

दिवाणजी : हे डोकं जुनं आहे, मालक. 1959 च्या मुंबई विक्रीकर कायद्यात जास्त वसूल केलेला कर सरकारजमा व्हायचा. गुजरातच्या अजित मिल्सनं त्यावर भांडून बघितलं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सरकारची बाजू धरली. आता जीएसटीत कलम 76 आहे. कराच्या नावानं घेतलेला पैसा ठेवून घेता येत नाही.

मालक : गिरणीवाल्याला जमलं न्हाई, मग चप्पलवाल्याचं काय? आणा हिकडं बिल, 108 खोडतो आन् 45 लिहितो.

दिवाणजी : (बिल छातीशी धरून) बिलाला हात लावायचा नाही! क्रेडिट नोट वेगळी. तिला स्वतःचा नंबर, तारीख, शिवाय मूळ बिलाचा नंबर आणि तारीख.

मालक : शेजारच्याला कसं न्हाई ह्ये झंगाट?

दिवाणजी : ते जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. बिलात कर लावायचाच नाही, विक्रीवर 1 टक्का स्वतः भरायचा.

मालक : म्हंजे त्याला चुकायची सोयच न्हाई! नशीबवान गडी. आन् त्या पुण्याच्या दुकानदाराला 40 जोड दिल्यात, त्याचं?

दिवाणजी : ते सोपं. सहाशेचा जोड, प्रत्येकी 42 जास्त, एकूण 1680. नोट पाठवू. त्यांनी घेतलेलं क्रेडिट तेवढंच उलटवायचं. अवघड आहे ते दर्शनाला आलेलं गिऱ्हाईक. बिलावर फोन नंबर आहेत. लावा.

(मालक फोन लावतात.)

मालक : नमस्कार ताई, कोल्हापुरातनं चपलेच्या दुकानातनं बोलतोय. तुमचं 195 रुपये परत द्यायचं हायेत. जीएसटीचं.

फोनवरच्या बाई : ओटीपी सांगणार नाही.

मालक : ओटीपी नको ओ, ताई.

बाई : लिंकही उघडणार नाही. आमचे हे बँकेत आहेत, सांगून ठेवते.

(फोन बंद. मालक कपाळ पुसून दुसरा लावतात.)

फोनवरची मुलगी : हां काका, मी आलो होतो की दसऱ्याला. किती? 63? त्यात मिसळ बी येत न्हाई. ठेवा तुमच्याकडंच!

मालक : (दिवाणजींना) बघा! ठेवा म्हणाली!

दिवाणजी : त्या म्हणाल्या. कायदा म्हणत नाही. नंबर घ्या आणि पाठवून द्या.

मालक : ज्यांचा पत्ताच लागत न्हाई, त्यांचं अंबाबाईच्या पेटीत टाकूया की.

दिवाणजी : त्यांचे सरकारात आहेत. पेटीत टाकाल ते तुमचे स्वतःचे. आणि परतावा मागितलात तरी तो तुम्हाला न मिळता ग्राहक कल्याण निधीत जाणार.

मालक : (उसासा टाकून) किती दिवस हायेत?

दिवाणजी : क्रेडिट नोट 30 नोव्हेंबर 2026 च्या आत रिटर्नमध्ये दिसली पाहिजे. त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तिथंच मुदत संपली. आपण ते थांबवू. तुम्ही दारावर पाटी लावा.

मालक : सांगा, लिहितो.

(थोड्या वेळानं दारावर खडूनं लिहिलेली पाटी लागते.)

'22 सप्टेंबर 2025 पासून या दुकानात अडीच हजारांपर्यंतची चप्पल घेतलेल्यांनी बिल काढून बघावे. जीएसटी 5 टक्क्यांपेक्षा जास्त लागला असल्यास 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत फरक घेऊन जावा. येताना बिल आणावे. ओटीपी लागत नाही.'