टोचलेली सुई मोजा

रुग्णालयात कर्मचाऱ्याला सुई टोचली, तर तो मोठा अपघात नव्हे. हे कुणा वरिष्ठांचं मत नाही, केंद्र सरकारच्या २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतली व्याख्याच तशी आहे. कचऱ्याचा ट्रक उलटला किंवा कचरा पाण्यात गेला, तर मोठा अपघात. ताबडतोब कळवा, चोवीस तासांत अहवाल द्या. सुई टोचणं त्यातून नाव घेऊन वगळलंय. तिची माहिती वार्षिक अहवालात दिली की झालं.

मला या क्रमाचा राग येतो. रुग्णाला एचआयव्ही असेल तर टोचल्यापासून दोन तासांत एचआयव्ही रोखणारी गोळी सुरू व्हावी, बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग उरत नाही. रुग्णाला हेपटायटिस बी असेल आणि टोचलेल्या बाईला लस मिळालेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. तिला घड्याळ बघावं लागतं आणि तिची नोंद कॅलेंडर बघून होते.

तमिळनाडूतल्या तंजावरात तरी नोंदीचं महत्त्व नव्यानं सांगायला लागू नये. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेत रुग्णांच्या हकिकती लिहून ठेवल्या जात. डोळ्यांच्या रुग्णांचे तर कागद आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत: दुखणं काय, उपचार कोणता, आणि सोबत त्या माणसाच्या डोळ्याचं रंगवलेलं चित्र. दोनशे वर्षांपूर्वी एकेका रयतेच्या डोळ्याची दखल घेणारं हे गाव. आज इथे १९५९पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावाच्या मध्यात राजा मिरासदार रुग्णालय आहे, कावेरीच्या खोऱ्यातून माणसं उपचाराला इथे येतात. रुग्णाचा केसपेपर निघतो. रुग्णाला उचलताना जिच्या कमरेत उसण भरली, तिचा केसपेपर कुठल्या फायलीत जातो? हा प्रश्न तंजावरला विचारा, मिरजेला विचारा, मुंबईला विचारा.

कामावरच्या दुखापती मोजायची रीत नवी नाही. कारखान्यांसाठी ती केव्हाच ठरली आहे. वर्षभरातल्या दुखापतींना दहा लाखांनी गुणायचं आणि सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाच्या तासांनी भागायचं. पाचशे माणसं प्रत्येकी दोन हजार तास राबली, तर झाले दहा लाख तास. त्यात वीस दुखापती झाल्या, तर दर वीस. अमेरिकेत दोन लाख तासांवर काढतात, म्हणजे शंभर माणसांचं एक वर्ष. अवघड काहीच नाही.

घोळ आहे तो दुखापत कशाला म्हणायचं यात. १९४८च्या कारखाना कायद्यानं माप घालून दिलं: अठ्ठेचाळीस तास कामावर येता आलं नाही, तर अपघात कळवायचा. गिरणीत हात सापडला, तर हे माप चालतं. पण रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे एकटी असलेली सिस्टर वापरलेल्या सुईवर घाईनं टोपण बसवायला जाते, टोपण निसटतं, सुई अंगठ्यात जाते. ती नळाखाली हात धरते, हातमोजा बदलते आणि पुढच्या खाटेकडे वळते. कामाचा एक तासही बुडत नाही. लागण झाली असेल तर ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रक्ततपासणीत दिसणार. बुडालेल्या दिवसांचं माप लावलं तर ही दुखापत कधी झालीच नाही!

दुसरा घोळ भागाकारात. सुई टोचल्याचा दर काही ठिकाणी शंभर खाटांमागे काढतात. खाटांना सुया टोचत नाहीत. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली, तरी खाटा तेवढ्याच राहतात.

तिसरा सगळ्यात मोठा. साफसफाई ठेकेदाराकडे गेली, तशी झाडणारी बाई रुग्णालयाच्या हजेरीपटावरून गेली. पण सुई तिलाही शोधते. सुईसाठी पांढरा, टणक डबा असताना कुणीतरी ती पिवळ्या पिशवीत टाकतं. झाडणारी अक्का पिशवीचं तोंड बांधून ती उचलते, पिशवी पोटरीला लागते, आणि पिशवीतून आलेलं टोक कातडीत शिरतं. कुणाच्या शरीरातली सुई होती, ते शोधायची सोय नाही. तिनं सांगावं कुणाला? मुकादम म्हणणार, नीट बघून उचलत जा. रोजंदारी जाईल म्हणून ती गप्प बसते. हेपटायटिस बीची लस तिलाही द्यायची, हे त्याच २०१६च्या नियमांत लिहिलंय. ठेकेदाराच्या माणसांचे तास आणि त्यांच्या जखमा धरल्याशिवाय काढलेला कुठलाही दर खोटा आहे.

मारहाणही यात मोजा. नोव्हेंबर २०२४मध्ये चेन्नईत गिंडीच्या सरकारी रुग्णालयात कर्करोगतज्ज्ञावर सुरीनं वार झाले. राज्यभर संताप झाला, कारण वार दिसले. अपघात विभागात रोज बसणारे धक्के आणि चपराका दिसत नाहीत. तमिळनाडूत अशा हल्ल्यांविरुद्ध २००८पासून कायदा आहे, महाराष्ट्रात २०१०पासून. गुन्हा नोंदवायला पोलीस आहेत. दुखापत नोंदवायचं वहीतलं पान कुठे आहे?

जगभरात दरवर्षी तीस लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना दूषित सुई किंवा धारदार वस्तू लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २००२ सालचा अंदाज आहे. अंदाजच करावा लागतो, कारण टोचलेल्यांपैकी पुष्कळजणी सांगत नाहीत. म्हणून ज्या रुग्णालयाच्या वहीत वर्षभर शून्य आहे, तिथे तपासणीला आधी जावं.

नोंद उघडपणे व्हायला लागली, की पहिल्या वर्षी आकडा चढणार. दुप्पट होईल, तिप्पटही होईल. त्या वर्षी अधीक्षकांना कारणे दाखवा नोटीस काढू नका आणि टोचलेल्या सिस्टरकडून खुलासा मागू नका. तिला आधी गोळी द्या.