पोलाद, लोखंड आणि देणगी

कंपनीने कोणता धंदा करायचा ते तिच्या घटनापत्रात लिहिलेलं असतं. त्याबाहेर पाऊल पडलं की पूर्वी कायदा कान धरायचा. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या ॲशबरी कंपनीने बेल्जियममधल्या रेल्वेमार्गाच्या बांधकामात हात घातला, तेव्हा 1875 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो करारच रद्दबातल ठरवला. झाडून सगळे भागधारक 'हो' म्हणाले तरी उपयोग नाही. डबे म्हणजे डबे, रूळ म्हणजे रूळ!

आपल्याकडे 1956च्या कंपनी कायद्याने जरा सैल सोडलं. विशेष ठराव करा, न्यायालयाची मंजुरी आणा आणि उद्दिष्ट बदला. त्यासाठी चालणाऱ्या कारणांत अग्रभागी होतं, 'धंदा अधिक काटकसरीने किंवा कार्यक्षमतेने चालावा म्हणून'.

आता गंमत बघा. 1957 साली मुंबई उच्च न्यायालयात टाटा आयर्न अँड स्टीलचं प्रकरण आलं. पोलाद ओतणाऱ्या कंपनीला उद्दिष्टांत राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती. आता देणगीने भट्टीचा कोळसा वाचत नाही, पण सरकारदरबारची हवा उबदार राहते, हीसुद्धा कार्यक्षमताच की! मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी आधी मिळालेली मंजुरी कायम ठेवली. कायद्यात मनाई नव्हती. मात्र हा पैसा एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकेल, असंही बजावलं आणि संसदेने लक्ष घालावं असं सुचवलं.

संसदेने लक्ष घातलं. किती घातलं म्हणाल, तर 1960मध्ये मर्यादा, 1969मध्ये बंदी, 1985मध्ये पुन्हा मुभा, 2013च्या कायद्यात सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा, 2017मध्ये ती मर्यादाच गुल आणि वर निनावी निवडणूक रोखे! 15 फेब्रुवारी 2024ला सर्वोच्च न्यायालयाने रोखेही घटनाबाह्य ठरवले आणि मर्यादा उठवणंही.

त्यापुढे 1957ची ती कंपनी भाबडीच वाटते. देणगी द्यायचीय हे चारचौघांत सांगितलं, वर न्यायाधीशांपुढे उभी राहिली! उद्दिष्ट बदलायला मंजुरी घेण्याची कटकट तर 1996च्या दुरुस्तीने संपवली. हल्लीच्या घटनापत्रांत साबणापासून उपग्रहापर्यंत सगळं असतं आणि शेवटी 'आनुषंगिक सर्व काही'.

देणगीपुरतं तर घटनापत्रात लिहिणंही नको. 2013च्या कायद्यातल्या कलम 182प्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीतला ठराव पुरतो. भागधारकांना विचारावं लागत नाही.