जाड सोल, पोकळ दावे

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की दोन गोष्टी वाढतात. मरीन ड्राइव्हवरची पहाटेची गर्दी आणि दुकानातल्या बुटांच्या सोलची जाडी. जानेवारी सरला की गर्दी ओसरते. जाडी काही ओसरत नाही.

दुकानात शिरा. विक्रेता बूट हातात ठेवतो आणि म्हणतो, "दाबून बघा सर, कसा मऊ आहे!" आपण अंगठ्यानं सोल दाबतो आणि मान डोलावतो.

अंगठ्यावर धावायचंय का?

धावताना एकेका पावलावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब दीडशेच्या वर जातो. एवढ्या भाराखाली फोम किती दबतो आणि किती चटकन वर येतो, हे अंगठ्याला कळणं शक्यच नाही. ते पायाला कळतं, आणि तेही चार-पाच किलोमीटर झाल्यावर. दुकानात मिळतात गालिच्यावरची चार पावलं. गालिच्यावर कोणता बूट वाईट वाटतो?

सोल जितका जाड तितका बूट चांगला, हे आता सगळ्यांनी गृहीतच धरलंय. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा डेरारा हुरिसा पहिला आला आणि बाद झाला. रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी सोलची मर्यादा ४० मिलिमीटर, त्याचा होता ५०. जाड, उसळता फोम वेग देतो, अशी धास्ती नियम करणाऱ्यांनाही आहे. गुडघा वाचतो, असं मात्र त्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

गुडघ्याचं काय, ते संशोधकांना विचारू. फिनलंडमध्ये २०१८ साली जाड गादीचा बूट आणि साधा बूट घालून धावपटूंना पळवलं. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला जाड बुटात पायावरचा आघात वाढलेला दिसला. कारण? खाली मऊ लागलं की पाय आपोआप ताठ होतो. गादी जे देते, त्यातलं बरंचसं पाय परत करतो.

मग मऊ बूट म्हणजे निव्वळ फसवणूक? तसंही नाही. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखे, पण मऊ आणि कडक असे दोन प्रकारचे बूट वाटले. २०२० साली निष्कर्ष आला. कडक बुटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट. पण मऊपणाचा फायदा दिसला तो वजनानं हलक्या असलेल्यांना. आपल्याकडे दुकानात काय सांगतात? "वजन जास्त आहे ना सर, मग जाड सोलच घ्या."

नेमकं उलटं.

अनवाणीवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. २००९ साली 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं आणि पातळ सोलची लाट उसळली. पाचही बोटं वेगळी दाखवणारे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीला आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेत खटला अंगावर आला. २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. त्याआधी २०१२ मध्ये स्केचर्सनं गोल तळाच्या 'शेप-अप्स'साठी चार कोटी डॉलर मोजले होते. सोल जाड असो की पातळ, दावे सारखेच फुगतात.

आणि अबेबे बिकिला? ऑलिंपिक मॅरेथॉन धावला १९६० साली रोममध्ये अनवाणी, १९६४ साली टोकियोत बूट घालून. दोन्ही वेळा सुवर्ण. पाय त्याचेच होते.

आता किंमत. सप्टेंबर २०२५ मधली जीएसटी कपात आठवा. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर कर पाच टक्क्यांवर आला. रोजच्या सरावाचा बरा गादीदार बूट दहा-बारा हजारांच्या घरात, म्हणजे त्यावर अठरा टक्के कायम. "धावा, तंदुरुस्त राहा" हा सरकारी उपदेश मात्र करमुक्त आहे.

बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतो. बारा हजारांचा बूट सहाशे किलोमीटर चालला, तर किलोमीटरला वीस रुपये पडले. मुंबईत पहिल्या टप्प्यानंतर रिक्षा किलोमीटरला सुमारे सतरा रुपये घेते. एवढे पैसे मोजणाऱ्यानं चार प्रश्न तरी विचारावेत की नाही?

पहिला प्रश्न बूट उलटा करून. रबर कुठे आहे आणि नुसता फोम कुठे उघडा पडलाय? वजन वाचवण्यासाठी रबराच्या चकत्या टाच आणि चवडा एवढ्यावरच चिकटवतात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पावसात उतरताना गादीची नाही, पकडीची गरज असते. परदेशी परीक्षणकर्त्याला आपला जुलै कुठून माहीत असणार?

दुसरा प्रश्न रुंदीचा. संध्याकाळी जा, पाय थोडा फुगलेला असतो. धावायचे मोजे घाला, उभं राहा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि करंगळी दबता कामा नये. चपलेत वाढलेला आपला चवडा अनेकदा रुंद असतो. रुंद साचा मागा. "घातला की सैल होतो" हे उत्तर ऐकलं की उठा. बूट सैल होईपर्यंत नख काळं होतं.

तिसरा प्रश्न ड्रॉपचा, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. होका कंपनीच्या क्लिफ्टन बुटाचा ड्रॉप नवव्या आवृत्तीपर्यंत ५ मिलिमीटर होता, दहाव्या आवृत्तीत तो ८ झाला. नाव तेच, पण पोटरी आणि गुडघा यांच्यातली भाराची वाटणी बदलली. मागच्या वेळचा आवडला म्हणून डोळे मिटून नवा मागवता? डोळे उघडा.

चौथा प्रश्न स्वतःला. हा बूट घालून मला बरं वाटतं का? कॅल्गरीचे बेनो निग यांनी धावणाऱ्यांचे पाय आयुष्यभर अभ्यासले. आपला पाय आरामाच्या कसोटीवर बूट निवडतो आणि त्यानं दुखापतीचा धोका कमी होत असावा, असं त्यांचं मत. पाच आकडी किमतीपेक्षा ही कसोटी भरवशाची. आणि फुकट.

संताप येतो तो एका गोष्टीचा. पहिल्यांदाच धावायला लागलेली चाळिशीतली बाई किंवा निवृत्त गृहस्थ गुडघा धरून दुकानात येतात आणि त्यांना आणखी जाड सोल विकला जातो. महिन्याभरात शून्यावरून दहा किलोमीटरवर उडी घेतली का, हे त्यांना कोणी विचारतच नाही. त्या उडीवर कुठलाही फोम पुरा पडणार नाही.

तेव्हा गुडघा दुखत असेल, तर आधी आठवड्याचे किलोमीटर कमी करा. तरी दुखणं राहिलं, तर डॉक्टर गाठा. बुटाचं दुकान सगळ्यात शेवटी.