हवेला दात फुटले

सारंगखेड्याच्या यात्रेला लोक घोडे बघायला जातात; आमचे नानामामा माकडटोपी घ्यायला जातात. दत्तजयंतीच्या त्या गर्दीत लाखालाखाचे घोडे नाचत असतात आणि मामा टोपीवाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालत असतात. घरात असल्या टोप्यांची चळत आहे. पण नवी टोपी घालून मामा ब्राह्मणपुरीतल्या आपल्या ओट्यावर बसले, नाकानं हवा ओढली आणि "हवेला दात फुटले रे भो!" म्हणाले, की आमच्या घराण्याचा हिवाळा सुरू झाला असं धरायचं.

हिवाळा सगळ्यांनाच येतो. मामांना तो बर्फासाठी हवा असतो.

मे महिन्यात ज्या ओट्यावर पाय टेकवत नाही, त्याच ओट्यावर बसून डिसेंबरात बर्फाची वाट बघायची, याला छाती लागते. गावानं त्यांचं नाव 'बर्फवाले नाना' ठेवलंय. त्यातून एकदा घोटाळा झाला. लग्नघरचा एक पाहुणा विचारत विचारत आला आणि म्हणाला, "मठ्ठ्यासाठी दोन लाद्या पाहिजे होत्या." मामांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि लादीचा बर्फ वेगळा नि आभाळाखाली धरणारा बर्फ वेगळा, हे पाऊण तास समजावून सांगितलं. तिकडे पंगत कोमट मठ्ठ्यावर उठली.

मामांची आशा अगदीच हवेतली नाही. पाठीशी सातपुडा उभा आहे. वर तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, आणि अक्कलकुवा तालुक्यात डाब. कडाका पडला की तिथल्या गवतावर, कौलांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठतं आणि पेपरात मथळा येतो : 'सातपुड्यात दवबिंदू गोठले'. मामा हे कात्रण कापून उसाच्या पावत्यांच्या फाइलीत लावतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर हिमकण दिसल्याची बातमी मात्र ते वाचतच नाहीत. "त्यांचं काय, त्यांच्याकडे फोटोवाले जास्त," एवढं बोलून पान उलटतात. निफाडचा पारा घसरल्याचं कानावर आलं, तर शेजाऱ्याच्या पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा चेहरा होतो. "१ जुलै १९९८ ला धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला ना, तेव्हापासून थंडी आपल्या हक्काची," असंही एक शास्त्र त्यांच्याकडे आहे.

रोजची दिनचर्या ठरलेली. गोठ्यातल्या खांबाला तापमापक टांगलेला आहे. पहाटे पाचला मामा बॅटरी घेऊन जातात, म्हशीच्या श्वासाची वाफ काचेवर येऊ नये म्हणून तिचं तोंड हातानं पलीकडे करतात आणि आकडा वहीत मांडतात. तोवर घरातून मामींचा आवाज येतो, "कितली?"

"दहा."

"बरफ उना का?"

"यंदा रंग वेगळा आहे," मामा म्हणतात. हे वाक्य मी तेवीस वर्षं ऐकतोय.

मनाली-सिमल्याला बर्फ पडला की मामा बोटं मोजू लागतात. तिकडून पश्चिमी झंझावात पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं आणि उत्तरेचं वारं सुटलं, की दोन-चार दिवसांत ती थंडी खानदेशात उतरते. हे खरंच आहे. पण मामा ते अशा थाटात सांगतात, की जणू मनालीहून पार्सल निघालंय आणि पावती त्यांच्या खिशात आहे.

थोरला मुलगा टोरांटोला असतो. तो दारातला गुडघाभर बर्फ फावड्यानं उपसतानाचे व्हिडिओ पाठवतो, वर कंबरेचं दुखणं कळवतो. आम्हाला वाटलं, मामा हरखतील. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा रेशनचा बर्फ. महिना भरला की मिळणारच. आपला सणाचा असतो." गारपिटीला तर ते बर्फाच्या गोतातच धरत नाहीत. फाल्गुनात गारांनी गहू झोपवला त्या वर्षी कुणीतरी गमतीनं म्हणालं, "घ्या नाना, पडला तुमचा बर्फ." मामा त्या माणसाशी पोळ्यापर्यंत बोलले नाहीत.

आता खरी गंमत अशी, की बर्फाची आस धरणाऱ्या या माणसाचं पोट पपईवर आहे. पाच एकर पपई, दोन एकर केळी. आणि पपईला थंडीचं वावडं. पारा खाली गेला की पानं पिवळी पडतात, फळाची वाढ खुंटते. केळीला चरका बसतो. म्हणजे मामांची मनोकामना ज्या रात्री पूर्ण व्हायची, त्याच रात्री त्यांचं दिवाळं वाजायचं. गहू-हरभरा तेवढा खूश.

म्हणून कडाक्याच्या रात्री मामांच्या शेतात जे चालतं ते बघण्यासारखं असतं. एका अंगाला मामा मामींच्या जुन्या साड्या पपईच्या फळांभोवती गुंडाळतात, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, रात्रीची लाईट आली की मोटार सुरू करून जमिनीला ऊब राहावी म्हणून पाणी सोडतात. आणि तेवढं झालं, की हात पुसून शेताच्या दुसऱ्या अंगाला जातात, तिथे त्यांचा बर्फाचा कारखाना आहे.

या कारखान्याचं मूळ अलाहाबादेत. यंत्रं येण्याआधी तिथे हिवाळ्यात उघड्या मैदानावर बर्फ करत. दोनेक फूट खोल खड्डे, त्यांत उसाच्या नाहीतर मक्याच्या वाळल्या ताटांचा थर, वर मातीची उथळ परळं आणि त्यांत उकळून गार केलेलं पाणी. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या साहेबानं लिहिलेली ही हकीकत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापली. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की पाणी आपली उष्णता वर आभाळाला देऊन टाकतं. खालून पाचट जमिनीची ऊब अडवतं. आणि हवा शून्याच्या वर असतानाही परळात साय धरते. मामांना हे कळलं त्या रात्री ते झोपले नाहीत. पाचट तर आपल्या बांधावर फुकट पडलंय! कुंभाराकडून चोवीस परळं आली. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला परळं. धूर परळांवर आला की मामा टॉवेलानं हाकलतात.

मामी एकदा बांधावरून म्हणाल्या, "एका हातानं पांघरूण घालता, दुसऱ्या हातानं थंडी मागता. देवानं ऐकावं तरी कोणत्या हाताचं?"

मामा म्हणाले, "दोन्ही हात जोडले की एकच होतात."

तोरणमाळच्या स्वाऱ्या हा वेगळाच अध्याय. पहिल्या वर्षी जीप भरली, म्हसावदला चहा झाला, राणीपूरला पुन्हा झाला, घाटात दोघांना मळमळलं आणि आम्ही यशवंत तलावापाशी पोचलो तेव्हा ऊन पाठीवर आलं होतं. मामांनी ओल्या गवताकडे बोट दाखवलं. "इथे होता." आम्ही चौदा जण त्या गवताकडे लढाईची जागा बघावी तसे आदबीनं बघत राहिलो. दुसऱ्या वर्षी मध्यरात्रीच निघालो, तर ढग आले. ढग म्हणजे गोधडी. जमिनीची ऊब ती वर जाऊ देत नाही. परतीच्या वाटेवर मामा ढगांना जे बोलले ते छापता येणार नाही.

तिसऱ्या वर्षी सापडला. बॅटरीच्या उजेडात गवत पांढरं, झोपडीवरचं गवत पांढरं, उभ्या जीपच्या टपावर मीठ सांडल्यासारखी खर. पोरांनी बोटानं नावं लिहिली. मामींनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "अळणी आहे." मामांनी चपला काढल्या आणि देवळात शिरावं तसे त्या गवतावरून अनवाणी चालत गेले.

शेकोटीशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे बघायला आले?" त्याच्या अंगावर एक फाटकी चादर होती आणि मांडीवर नातू. मामा एकदम गप्प झाले. परतताना जीपमध्ये चौघांची डोकी उघडी होती, पहिलं मामांचं. "यात्रेत घेऊ नव्या," ते म्हणाले. तेव्हा मला त्या दहा रुपयांच्या हुज्जतीचा हिशेब लागला. ते चळत घेतात, एक टोपी नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी पहाटेची हवा बंद केली. नेमका त्याच आठवड्यात कडाका पडला. मामा पलंगावर पडून छताकडे बघत नुसतं "रंग वेगळा आहे," म्हणत होते. रात्री मामींनी पदर खोचला, परळं मांडली, पाचट सारखं केलं, पाणी ओतलं. बॅटरी धरायला मी होतो. पहाटे पाचला पुन्हा गेलो. मामींनी चोवीसही परळांत बोट घालून पाहिलं, पदराला पुसलं आणि काही न बोलता घरी आल्या.

मामा उशीवरून उठून बसले होते. "काय झालं?"

"अकराव्या परळात साय होती," मामी चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "उचलायला गेले तर मोडली. बोटाच्या उबेनं."

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वही मागवली, चष्मा लावला आणि तारीख घालून नोंद केली. शेवटच्या रकान्यात लिहिलं : 'साक्षीदार, घरचे मंडळी.' मग वही मिटून मामींना म्हणाले, "बोट फार गार झालं असेल. चुलीशी धर."