पंगतीला रावबाजी

आमच्या शेजारच्या आक्कांचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवकडचं, आणि सासर बारामतीचं. त्यामुळे दोन्ही तालुक्यांच्या वतीनं बोलायचा त्यांना हक्क आहे. कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून त्या तो रोज बजावतात. परवा विषय निघाला नातवाच्या निबंधाचा. ‘इतिहासातली एक व्यक्ती आपल्या घरी जेवायला आली तर...’

मी म्हटलं, “अख्खा वर्ग शिवाजी महाराजांना बोलावणार.”

“बोलावू द्या की. पण महाराजांच्या पाया पडायचं, त्यांना विचारायचं काय? ज्याच्याकडनं उत्तरं घ्यायचीत त्याला जेवायला बोलवावं, बाई. रावबाजीला बोलवा.”

“दुसऱ्या बाजीरावाला? त्या पळपुट्याला?”

“व्हय. त्यो पळाला त्याचं पुणेकर बघतील. आमच्या इंदापूरचा त्याच्याकडं येगळा हिशोब हाय.”

झालं. भाजी निवडता निवडता पंगत मांडायला सुरुवात झाली. बसवायचं कुठं? आक्कांनी कऱ्हेकाठचा बाबूजी नाइकांचा वाडा सुचवला. मी म्हटलं, “अवघड आहे. हे बाबूजी म्हणजे बारामतीचे सावकार. पेशव्यांना कर्ज यांचंच. १७४०मध्ये थोरले बाजीराव वारले, तेव्हा नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या पाठिंब्यावर पेशवेपदाला हे स्वतः उभे राहिले होते. पद गेलं नानासाहेबांकडे. आणि एवढं होऊन सोयरेही. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई नाइकांच्याच घरात दिलेली.”

“म्हंजे एकाच घरातली माणसं, एकाच खुर्चीवर डोळा.” आक्कांनी इकडेतिकडे बघितलं. “आपल्याकडं हे लई जुनं हाय म्हणायचं.”

यावर बारामतीत राहणारं शहाणं माणूस विषय बदलतं. मीही बदलला. म्हटलं, “शेजारी मोरोपंतांना बसवू का? बाबूजींच्याच आश्रयाला होते.”

“नगं. त्यांची आर्या संपंस्तवर भात गार व्हायचा.”

बेत ठरवताना खरी पंचाईत झाली. भिगवणचा चिलापी मासा बाद. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर इंदापूरचं डाळिंब, इथपर्यंत आक्का आल्या आणि थबकल्या. “पण बाई, त्यो आमच्या हातचं खाईल का?”

“नाही खायचे. सोवळं कडक.”

“बघा! आमच्या हातचं पाणी चालत न्हाय, पण आमच्या हातचा सारा चालला. कोरेगावला १८१८च्या एक जानेवारीला महार शिपाई त्याच्या फौजेसमोर का उभा राहिला, त्याचं निम्मं उत्तर हितंच हाय.”

मी रावबाजींचं वकीलपत्र घेतलं. कुणीतरी घ्यायला हवं होतं. म्हटलं, “आक्का, माणूस बोलायला गोड, दिसायला देखणा. बाप राघोबादादा, आई आनंदीबाई. नारायणरावांच्या खुनाचा डाग यांच्या जन्माआधीच घराला लागलेला. वाढला नजरकैदेत. १७९६ला गादीवर आला तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली, तिजोरी रिकामी आणि उरावर दौलतराव शिंदे बसलेले.”

“आईबापाचं पाप लेकराच्या माथी मारू नये, कबूल. वाढा त्याला भाकरी. पण वाढता वाढता विचारा, विठोजी होळकराला हत्तीच्या पायी का दिलं?”

“त्यावर ते म्हणतील, तूप वाढा.”

“वाढू नका! आधी उत्तर.”

उत्तर कुठून येणार? १८०१मध्ये विठोजींना तसं मारलं आणि भाऊ यशवंतराव चालून आले. १८०२च्या ऑक्टोबरात होळकरांच्या फौजेनं आधी आपल्या बारामतीजवळ पेशव्यांची फौज झोडपली. मग २५ तारखेला, ऐन दिवाळीत, हडपसरला. रावबाजी निसटले ते कोकणात उतरून वसईला, आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून मोकळे. मागं होळकरांच्या घोड्यांनी आणि पेंढाऱ्यांनी गावं साफ केली, त्यावर पावसानं दगा दिला. १८०३-०४चा तो दुष्काळ. भीमा-नीरेच्या दुआबातली गावंच्या गावं ओस पडली.

“त्यो वसईला आन् दुष्काळ आमच्या दारात,” आक्का म्हणाल्या. “पर हे पण सोडा. लढाईत हार-जीत व्हायचीच. गादीवर परत बसल्यावर काय केलंस, ह्ये विचारा.”

हा प्रश्न मात्र नेमका होता. गादीवर परत बसल्यावर रावबाजींनी परगण्यांची मामलत मक्त्यानं द्यायला सुरुवात केली. जास्त बोली लावेल त्याला परगणा. पुढच्या वर्षी आणखी कुणी चढी बोली लावली की पहिला बाहेर. मग मक्तेदार पोटमक्तेदार नेमणार, तो पाटलाच्या मानगुटीवर बसणार आणि पाटील कुळाच्या.

“समजलं,” आक्का म्हणाल्या. “डाळिंबाची बाग उक्ती देतो तसंच की. व्यापारी फळ तोडताना फांदी मोडली तरी मागं बघत न्हाय. पुढच्या बहाराला झाड जगतंय का मरतंय, त्याला काय त्याचं? पर बागेचा मालक तरी बांधावर उभा ऱ्हातो. ह्यो मालक कुठं हुता?”

“पुण्यात. विश्रामबागवाडा बांधत.”

“आन् इंग्रज आल्यावर सुटलो म्हणा की.”

“कुठलं! १८२८च्या सुमाराला प्रिंगल नावाच्या साहेबानं जमिनी मोजल्या. खर्च वजा जाता उरेल त्याचे शंभरात पंचावन्न सरकारचे, असा त्याचा कागदी हिशोब. तो भरवेना, लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं मोजणी केली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. १८३६ साली, आणि सुरुवात कुठून? तुमच्या इंदापुरातून! पुढं मुंबई इलाखाभर तीच पद्धत गेली. एकर-गुंठ्याचा हिशोबही तेव्हाचाच.”

आक्का फुलल्या. मग लगेच सावध झाल्या. “म्हंजे एवढी वाट लागली हुती, की दुरुस्ती आमच्यापासनंच सुरू करावी लागली. ह्यात मिरवायचं काय?”

खरं होतं. तरी वकील म्हणून मी शेवटचा मुद्दा टाकलाच. १८१८च्या जूनमध्ये रावबाजी इंग्रजांच्या माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले आणि गंगाकाठी ब्रह्मावर्ताला गेले. पण दत्तक घेतलेला मुलगा कोण? सत्तावन्नचे नानासाहेब. झाशीच्या राणीचं बालपणही तिथलंच. पळपुट्याच्याच अंगणात न पळणारी माणसं वाढली.

आक्का जरा थांबल्या. “ह्ये मात्र त्याच्या पदरात टाका. एक वाटी तूप द्या त्याला. पेन्शन किती हुती?”

“वर्षाला आठ लाख. १८५१ला वारले, तोवर चालू.”

“तेहेतीस वर्सं? आन् परगण्यातली कुळं?”

त्याला माझ्याकडे बचाव नव्हता. पंगत उठवायची म्हणून मी विचारलं, “आक्का, जेवण झाल्यावर दक्षिणा ठेवावी लागेल हो. रावबाजी स्वतः श्रावणात रमण्यावर लाखांनी दक्षिणा वाटायचे. पुढं त्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी पुण्यात पाठशाळा काढली, मराठी पुस्तकांना बक्षिसं दिली. आपण किती ठेवू? अकरा?”

“ठेवायची कशाला?” आक्का देठं गोळा करत म्हणाल्या. “त्यानं वाटलेली दक्षिणा आमच्याच साऱ्यातली. आगाऊ भरलीया इंदापूरकरांनी. त्याच्याकडनं पावती तेवढी घ्या.”