प्रथमावृत्ती, पुणे २

"ऑफिस कुठंय?" या प्रश्नाला मी "आप्पा बळवंत चौकात" असं उत्तर देते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. चौकातून आत वळायचं, तपकीर गल्लीतली वायरींची भेंडोळी आणि हातगाड्या चुकवायच्या आणि एका वाड्याचा कुरकुरणारा जिना चढायचा, की माझं ऑफिस. महापालिकेच्या दप्तरी त्या जागेचं नाव बुधवार पेठ. पण बुधवार पेठ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू येतं, आणि ते लपवायला तो घाईघाईने विचारतो, "म्हणजे दगडूशेठच्या बाजूला ना?" त्यावरून त्याला दुसरी बाजूही ठाऊक असल्याचं कळतं.

मी दुकानदारांना वेबसाइट करून देते. एकटीच. मालक मी, कारागीर मी आणि वसुलीला जाणारा मुनीमही मीच. त्यामुळे पत्त्याची ही अडचण माझ्या एकटीची उरत नाही, सगळी गिऱ्हाइकं ती माझ्याकडे आणून टाकतात. वास्तविक याच पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी निघालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून इथेच लक्ष्मी रस्त्यावर उभी आहे. मानाच्या पाच गणपतींपैकी दुसरा तांबडी जोगेश्वरीचा आणि चौथा तुळशीबागेचा, हे दोन्ही आमचे. एवढं असून गूगलवर नुसतं पेठेचं नाव टाकलं की तो भलतंच काही सुचवतो. मग प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्या बैठकीत आवाज खाली आणून म्हणतं, "मॅडम, पत्त्यात बुधवार नको." एकजण 'लक्ष्मी रोडलगत' लिहायला लावतो, दुसरा 'तुळशीबागेच्या मागे', तिसरा 'शनिवारवाड्यापासून चालत पाच मिनिटे'. एकाने तर 'सदाशिव पेठेजवळ' असं सुचवलं. जवळ म्हणजे किती जवळ, हे त्याने माझ्यावर सोडलं. मी केलेल्या सगळ्या साइट वाचल्या तर बुधवार पेठेत एकही दुकान नाही असंच वाटेल. फक्त तळाला बारीक अक्षरात ४११००२ असतं आणि जाणकार काय ते समजतात.

औरंगजेबाच्या काळात या पेठेला मुहियाबाद म्हणत, बुधवार हे बारसं पेशवाईतलं. म्हणजे आमच्या पेठेने एकदा डोमेन बदललेलं आहे. हे मी एका शेठना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ते म्हणाले, "मग परत बदलायला काय खर्च येतो?"

आमचा चहावाला तेवढा या भानगडीत पडलेला नाही. गल्लीतले हमाल, पुस्तकांचे गठ्ठे बांधणारी पोरं, मी, आणि जिच्यामुळे बाकीचे पत्ता लपवतात त्या पलीकडच्या गल्लीतल्या बायका, सगळे त्याच्याच टपरीवर चहा पितात. गूगलच्या नकाशावर त्याने स्वच्छ 'बुधवार पेठ' लिहिलंय. त्याला साइट नाही, लोगो नाही, आणि आमच्या भागात त्याच्याइतके तारे माझ्या एकाही गिऱ्हाइकाला नाहीत.

आता धंद्याबद्दल. सेवा, ब्रँड, डिजिटल उपस्थिती असले शब्द मी सुरुवातीला फार वापरत असे. पुढे लक्षात आलं की वेबसाइट ही हाताला न लागणारी वस्तू आहे, आणि हाताला न लागणाऱ्या वस्तूला आमच्या पेठेतला माणूस पैसे देत नाही. म्हणून तो आधी ती हाताला लागेल अशी करून घेतो, म्हणजे तिला आपल्या दुकानातल्या मालात बसवतो. साड्यांच्या दुकानात मी लॅपटॉपवर तीन डिझाइन उघडली तर मालक म्हणाले, "एवढीच?" त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकासमोर तीस साड्या उलगडतात. मी आणखी दाखवत गेले. ते मान तिरकी करून बघत राहिले, एकदा तर स्क्रीनच्या कडेवरून अंगठा फिरवून पोत बघितला, आणि शेवटी म्हणाले, "ती पहिलीच बरी होती. काठ जरा रुंद करा. आणि यात राणी कलर येईल का?" ती साइट आजही राणी रंगाची आहे. फोनचा प्रकाश कमी केल्याशिवाय तिच्याकडे बघवत नाही, पण मालक म्हणतात की लांबून उठून दिसते. वेबसाइट लांबून कोण बघतं, हे मी विचारलेलं नाही.

तपकीर गल्लीतल्या स्विच-वायरवाल्या शेठची गोष्ट वेगळी. त्यांची एक साइट आधी होती, गूगलने दुकानाच्या नोंदीबरोबर फुकट दिलेली. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या फुकट साइट बंद केल्या. शेठना ते पुढच्या दिवाळीला कळलं, कारण तोवर ती कुणी उघडलीच नव्हती. मग ते माझ्याकडे आले.

"किती पानं?"

"पाच-सहा."

"पानाचा रेट काय?"

"तसा पानावर रेट नसतो शेठ."

"पन्नास घेतली तर?"

"पन्नास पानांवर लिहिणार काय?"

"ते नंतर बघू. होलसेल रेट सांगा. आणि वॉरंटी?"

वॉरंटी एक वर्षाची ठरली. बिघडली तर दुरुस्ती नको, बदलून द्यायची. मग बिलाचा विषय निघाला. जीएसटी नंबर नाही म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, असं मी समजावलं. शेठ माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "अजून आतच आहे?" त्यांनी हळूच विचारलं, आणि पोराला हाक मारून माझ्यासाठी स्पेशल चहा सांगितला. त्यानंतर त्यांनी भाव केला नाही. दया आलेल्या माणसाशी व्यवहार सोपा जातो, एवढं मला त्या दिवशी समजलं.

मजकूर मात्र स्वतःच देतो, असं ते म्हणाले. पूर्वी अशा वेळी भाचा यायचा. प्रत्येक शेठला इंजिनिअरिंगला असलेला एक भाचा असायचा आणि तो हे सगळं हजार रुपयांत, रविवारी, जेवणानंतर करून देणारा असायचा. मी भाच्यांना कधी घाबरले नाही. भाचे दुसऱ्या सेमिस्टरला गळतात. आता भाच्याच्या जागी एआय आलाय आणि तो गळत नाही. शेठनी मोबाइलवर त्याला काहीतरी सांगितलं आणि दोन मिनिटांत दीड पान मराठी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. पहिलं वाक्य होतं, 'आपल्या विद्युतमय स्वप्नांना आम्ही देतो नवी भरारी.' शेठ पीव्हीसी पाइप, स्विच आणि एमसीबी विकतात. एमसीबीचं काम काही भलतं झालं की झटकन बंद पडण्याचं, स्वप्नांना भरारी देण्याचं नाही. मी तसं म्हटलं. शेठ म्हणाले, "राहू दे. फुकट आलंय."

सुरू करण्याचे मुहूर्त हा आणखी एक प्रकार. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी माझ्यावर इतक्या साइट एकदम सुरू करायची वेळ येते की बाहेर जेवायला जाता येत नाही. पितृपक्षात काम शून्य. गणपतीच्या दहा दिवसांत तर रस्तेच बंद, ढोल चालू असताना फोनवर पासवर्ड सांगून पाहा! सर्व्हर कुठे सिंगापूरला असतो, त्याला पितृपक्ष लागत नाही, हे सांगून उपयोग नसतो. पूजासाहित्याच्या दुकानात माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहून झालंय. कीबोर्डच्या फटीत गेलेलं कुंकू अजून अधूनमधून 'एंटर'च्या बाजूने डोकं वर काढतं. (दुपारी एक ते चारचा विनोद इथे येईल असं कुणाला वाटलं असेल तर तो येणार नाही. त्या वेळात आम्ही झोपतो.)

पण या सगळ्यात मला जास्त गुंतवलं ते पुस्तकवाल्या काकांनी. काकांचं दुकान चौकाच्या अंगालाच, क्रमिक पुस्तकं आणि मार्गदर्शकांचं. स्वतःचं थोडं प्रकाशनही आहे. जून महिन्यात त्यांच्या काउंटरसमोर पालकांची अशी रेटारेटी असते की याद्या डोक्यावरून पुढे पोचवाव्या लागतात. जुलै सरला की काका मोकळे. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "ये गं. बस. ते इंटरनेटचं आपलंही एक काढू या."

काढू या. मासिक काढतात तसं.

मजकूर त्यांच्याकडे तयार होता, व्यवस्थित टाइप केलेला. पण तो डीटीपीवाल्याकडच्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. साइटवर चिकटवला तसा रोमन अक्षरं, डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हं यांचा काला झाला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन जवळून बघितली. "हे माझ्या वडिलांबद्दलचं आहे ना? शिव्या घातल्यासारखं दिसतंय."

तो सगळा मजकूर मी युनिकोडमध्ये आणला. मग काका म्हणाले, "आता प्रूफ दे." फोनवर बघा म्हटलं तर त्यांनी हात झटकला. प्रत्येक पान छापून, ए-फोर कागदावर, समासासकट त्यांना हवं होतं. दोन दिवसांनी कागद परत आले ते लाल पेनाने रंगून. समासात खुणा, अक्षरांवर आडव्या रेघा, दोन शब्दांमध्ये जागा वाढवायची चिन्हं. 'आणी'तला दीर्घ काढलेला. माझ्या मथळ्यातल्या 'सुचना'ला दीर्घ ऊकार दिलेला आणि शेजारी रागाने दोनदा अधोरेखित केलेला. 'येथे क्लिक करा' खोडून 'येथे कळ दाबावी' केलेलं. दुसरं प्रूफ झालं, तिसरं झालं. प्रिंटर माझा, कागद माझा. चौथ्या प्रुफावर त्यांनी 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली. तो कागद मी जपून ठेवलाय. आजवरच्या गिऱ्हाइकांत काम संपल्याचं लेखी देणारे ते एकटेच.

डोमेन त्यांना मराठीतच हवं होतं. देवनागरीतलं '.भारत' २०१४ पासून मिळतं, तेव्हा अडचण नव्हती. पण मी धोक्याची कल्पना दिली. लोक फोनवर मराठी टाइप करायला कंटाळतात. त्यातून तुमच्या नावात दोन वेलांट्या आहेत. ह्रस्वच्या जागी दीर्घ पडली तर तो निराळाच पत्ता होतो, आपली साइट उघडणारच नाही.

काका खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे शुद्धलेखन चुकलं तर दुकान सापडणार नाही?"

"नाही सापडणार."

"वा!" काका म्हणाले. इतकी वर्षं माझ्या तोंडून तंत्रज्ञानाबद्दल ऐकून कुणाचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. इंग्रजीतलं सोपं डोमेनही घेऊन ठेवू, असं मी तीनतीनदा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. ज्याला वेलांटी नीट देता येत नाही त्याने गाइडं घेऊन तरी काय करायचं, हा त्यांचा सवाल होता. आणि खरं सांगायचं तर सवालात तथ्य होतं, पण त्यांचा निम्मा गल्ला नेमका त्याच मुलांवर चालतो.

साइटच्या तळाशी वर्ष घालतात. काकांनी तिथे लिहवून घेतलं, 'प्रथमावृत्ती, विजयादशमी'. खाली मुद्रणस्थळ पुणे २. जगातली पहिली वेबसाइट १९९१ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यावर आवृत्तीचा उल्लेख नसल्याचं कळल्यावर काकांनी, "चालायचंच, शास्त्रज्ञ माणूस," असा निर्वाळा दिला. डिसेंबरात एका पुस्तकाची किंमत बदलायची होती. मी ती फोनवर बोलता बोलता बदलली. काका अस्वस्थ झाले. असं परस्पर कसं बदलतेस? मग तळाची ओळ 'सुधारित दुसरी आवृत्ती' झाली, आणि तिला दोन ओळींची प्रस्तावनाही आली.

राहिला हिशेब. निम्मे पैसे आधी मिळाले होते. उरलेल्याचा विषय काढला की काका मार्च म्हणायचे. मला वाटलं आर्थिक वर्षाचं काही असेल. ते तसंच निघालं, पण निराळ्या वाटेने. त्यांच्याकडे लेखकाचा हिशेब ३१ मार्चला होतो, विक्री बघून. त्यांनी मला लेखकाच्या खात्यात घातलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलावणं आलं. वही उघडली, माझ्या नावाचं पान काढलं.

"विक्री किती झाली?" त्यांनी मलाच विचारलं.

मी भेटींचा आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "यातले विकत घेणारे किती, चाळून परत ठेवणारे किती?" चाळून परत ठेवणारे पुष्कळ होते. काउंटरवरही तसंच असतं, असं म्हणत त्यांनी चेक लिहिला. रक्कम ठरल्याप्रमाणे पूर्ण होती, पैसाही कापलेला नव्हता. मी उठले तसं त्यांनी पोराला हाक मारली.

"थांब. लेखकाच्या पाच प्रती राहिल्या तुझ्या. आता साइटच्या प्रती मी कुठून देऊ?"

पोराने माळ्यावरून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा खाली काढला आणि फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. दहावीच्या भूमितीची पाच मार्गदर्शकं होती, बदललेल्या अभ्यासक्रमाच्या आधीची. मी ती तशीच हातात धरून तपकीर गल्लीतून निघाले, तर स्विचवाल्या शेठनी दुकानातून ओरडून विचारलं, "मॅडम, लाइन बदलली का? होलसेल काय रेट?"